बांधाची वीत

किसना, परवा तुझं तेरावं उरकलं. उरकलं असंच म्हणायला हवं, कारण या वर्षी सगळंच उरकलं जातंय. हैदराबाद संस्थानात वर्षभर जी लुटालूट, जाळपोळ चाललीय तिनं माणसं इतकी दमून गेलीत की कुणी गेलं तरी नीट रडणं होत नाही. अर्धी घरं कुलुपं लावून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेलीत. एरवी तुझ्या मातीला परतूरचा अख्खा बाजार आपल्या गावात लोटला असता. या खेपेला आम्ही अकरा जण होतो, आणि त्यातले दोघे वाटेवर लक्ष ठेवून उभे. मी मोजले. मोजणं हा माझा धंदा, तुला ठाऊकच आहे. खांदा देतानासुद्धा ती सवय सुटली नाही.

लोक बोलत होते. परतूरचा पळणारा किसन गेला म्हणाले. विलायतेला जाता जाता राहिला होता, एवढासा कमी पडला, असंही म्हणाले, आणि बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून किती ते दाखवलं. मी तिथंच उभा होतो. आज मी एकटाच आहे, बायकोला आणि मुलांना मेहकरला तिच्या माहेरी पाठवलंय, घरात कुणी नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. तुझ्याशी एक बोलायचं होतं ते मी चौदा वर्षं पुढं ढकलत आलो आणि तू मध्येच उठून गेलास.

तुला बैल आठवतो? कापसाच्या बाजारात तो पांढरा खोंड बिथरला आणि भरली गाडी घेऊन स्टेशनाच्या रस्त्यानं सुटला. गाडीत एक म्हातारी बसली होती. सगळा बाजार नुसता "धरा, धरा" ओरडत होता. तू खांद्यावरचं धोतराचं गाठोडं माझ्या अंगावर फेकलंस आणि निघालास. आपण दोघं तिसरीपर्यंत एका बाकावर बसलो होतो, विहिरीत बरोबर पोहलो होतो, तरी तुला तसं पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रुळांच्या अलीकडे तू वेसण धरलीस. म्हातारी उतरली आणि तिनं आधी तुलाच शिव्या घातल्या, माझा बैल घाबरवला म्हणून.

त्या गर्दीत शाळेचे हेडमास्तरसाहेब होते. हैदराबादचे, उर्दू बोलणारे, कडक इस्त्रीची शेरवानी घालणारे. कॉलेजात असताना स्वतः शर्यती पळलेले. त्यांनी तुला तिथंच गाठलं आणि विचारलं, "नाम क्या है तेरा? जूते पहन के दौड़ता क्या?" तू म्हणालास, "साहेब, जोडे घालून देवळात जात न्हाईत, मी पळू कसा?" ते इतके हसले की त्यांची टोपी पडली.

पुढची दोन वर्षं तू त्यांचाच झालास. पहाटे शेतावरून शाळेच्या मैदानावर, तिथून परत शेतावर. त्यांनी हैदराबादेहून खिळ्यांचे जोडे मागवले. तू एकदा घालून पळालास आणि काढून ठेवलेस. जमीन कळत न्हाई म्हणालास. परभणीला जिल्ह्याच्या शर्यतीत तू अनवाणी पहिला आलास. औरंगाबादेला सुभ्याच्या शर्यतीत तर दुसरा येणारा इतका मागं होता की तू दोरी तोडून वळून पाहिलंस आणि त्याला हातानं "ये, ये" केलंस. मला तेव्हा तुझा राग आला होता. ते उद्धटपणाचं दिसलं. तू म्हणालास, "अरे, तो एकटाच येऊन राह्यला व्हता बिचारा." तिथं मिळालेला चांदीचा पेला तुझ्या आईनं हळद ठेवायला घेतला. तो अजून तुमच्या चुलीजवळच आहे, आतून पिवळा झालाय.

साहेबांकडे वर्तमानपत्रातलं एक चित्र होतं. ऑलिंपिकच्या शर्यतीत पहिला आलेला कुणी गोरा माणूस, छातीनं फीत तोडतोय, दोन्ही हात वर, मान मागं. साहेब ते चित्र देवाच्या तसबिरीसारखं दाखवायचे. तुला ते पसंत नव्हतं. "ह्यानं हात कशाला वर केले? हात वर केले की पाय मंद व्हत्यात." मी म्हणायचो, अरे तो जिंकलाय. तू म्हणायचास, जिंकला का न्हाई हे त्याला रेघेच्या पलीकडं गेल्याबिगर कसं कळलं? त्यावरून आपण किती संध्याकाळी वाद घातला असेल. मला अजूनही वाटतं की शेवटच्या पावलाला माणसाला आतून कळत असावं. यावर तुझं उत्तर आता यायचं नाही.

मग हैदराबादहून ते पत्र आलं. दर तालुक्यातून चांगला पळणारा असेल तर त्याची शंभर यार्डांची वेळ कळवा. जमीन सपाट असावी, अंतर सरकारी मोजणीदारानं मोजलेलं असावं, घड्याळ थांबवता येणारं असावं, तीन वेळा पळवावं आणि सगळ्यांनी सही करावी. दहा सेकंद आणि एक पंचमांश किंवा त्याच्या आत जो असेल त्याला बोलावणं येईल. तिथं टिकला तर साऱ्या हिंदुस्थानच्या निवडीला, आणि तिथंही टिकला तर बोटीनं ऑलिंपिकला. साहेबांनी ते पत्र आपल्या दोघांना तीनदा वाचून दाखवलं. बोट म्हटल्यावर तू मला विचारलंस, बोटीवर भाकर मिळंल का रं.

सरकारी मोजणीदार म्हणजे मीच. माझे वडील आयुष्यभर पैमाइशीच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या, खात्यात साखळी ओढत होते, त्यांच्या मागून मी लागलो होतो आणि नुकताच मोजणीदार झालो होतो. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. तुझ्या पळण्यात माझाही हात लागणार होता. थंडीचे दिवस होते. मी सरकारी साखळी पुसून, तेल लावून आणली. तेहतीस फुटांची साखळी, म्हणजे शंभर यार्डांना नऊ साखळ्या आणि वर तीन फूट. साखळीचं मागचं टोक तू धरलंस, पुढचं मी. दर साखळीला मी लोखंडी सळई रोवत गेलो, तू मागची सळई उपटत आलास. दोन्ही टोकांना दगड पुरले, त्यांना चुना फासला. तू दगडाला हात लावून पाया पडलास, म्हणून मीही पडलो.

तीन वेळा पळालास. तीनही वेळा दहा आणि दोन पंचमांश. साहेब घड्याळ कानाला लावून बघत होते, बंद तर पडलं नाही ना. तिसऱ्या वेळी तू पळून आलास आणि आमच्या तोंडांकडे पाहून तुला कळलं.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "अंबादास, एक लिख दो. पाँचवाँ हिस्सा है, पलक भी नहीं झपकती. कौन देखने आ रा यहाँ?"

मी म्हणालो, "साहेब, माझी सही हाय त्याच्यावर. माप ते माप. खोटं लिव्हणार न्हाई."

ते तुझ्याकडे वळले. तू धोतरानं तोंड पुसत होतास. "त्याचं बराबर हाय, मास्तरसाहेब. जेवढं हाय तेवढंच लिव्हा. तिथं चार लोकांत हसं करून घ्यायचं काय?"

जेवढं होतं तेवढं लिहिलं. मी वळणदार अक्षरात सही केली. बोलावणं आलं नाही. होळीपर्यंत तू टपालवाल्याच्या वाटेकडे बघायचास, नंतर तेही सोडलंस. घरी जाताना मी तुला म्हणालो होतो, हवा समोरून होती रे, नाहीतर आला असतास. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे अंबादासा. कमी पडलो म्हंजी पडलो." त्या वैशाखात तुझं लग्न झालं. साहेबांची बदली झाली. आणि तू पळणं बंद केलंस ते असं की नंतर पाऊस आला तरी तू शेतातून चालत यायचास.

आता मुद्द्याचं सांगतो.

माझ्या वडिलांची एक रीत होती. साखळी ताणून झाली की सळई साखळीच्या टोकाला रोवायची नाही, एक वीत पुढं रोवायची. दर साखळीला एक वीत. "ही बांधाची वीत," ते म्हणायचे. बांध जमीन खातो, पाणी कड खातं, आणि शेतसारा मात्र कास्तकाराला सगळ्या जमिनीचा भरावा लागतो. तेवढी वीत मोजणाऱ्यानं सोडली तर कागदावर शेत जरासं लहान दिसतं आणि गरिबाचा जीव जरा हलका होतो. वरच्यांना पत्ता लागत नाही. वडिलांनी हे मला शब्दांनी शिकवलंच नाही. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून त्यांनी माझा हात धरून सळई पुढं सरकवली. माझ्या हाताला ते इतकं बसलं की मला त्याची जाणीवच उरली नव्हती. जसं तू चुलीपाशी बसताना धोतर सावरायचास तसं.

त्या शर्यतीनंतर सहा वर्षांनी हैदराबादहून एक नवा अंमलदार आला. तरुण, मोजायची पोलादी फीत घेऊन फिरणारा. एका शेतावर त्यानं माझा हात पाहिला. "ये क्या कर रहे मियाँ? एक बालिश्त आगे?" मी आधी उलट बोललो, मग खाली पाहिलं. सळई खरंच पुढं होती. अंमलदारानं रागानं सगळं शेत पुन्हा मोजायला लावलं. मी शरमलो, पण मनात म्हटलं, कास्तकाराचंच भलं केलं ना. त्यात काही पाप नाही.

घरी येताना, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीशी, मला तुझे ते दोन दगड आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अंमलदाराची फीत मागून घेतली. खोटंच सांगितलं, शाळेच्या कुंपणाचं काम आहे म्हणून. मैदानावर गवत वाढलं होतं पण दगड जागेवर होते. मी एकट्यानं तीनदा मोजलं. तीनशे फुटांच्या वर पावणेसात फूट. नऊ साखळ्यांच्या नऊ विती. मागचं टोक तुझ्या हातात होतं, तुला काय दिसणार? पावणेसात फूट कापायला तुला किती वेळ लागत असेल ते काढायला मला कागद लागला नाही. बरोबर तो एक पंचमांश. शेतकऱ्याला सोडायची ती वीत मी नऊ वेळा तुझ्या पायात टाकली होती, आणि वर खोटं लिहिणार नाही म्हणून साहेबांना शहाणपण शिकवलं होतं.

मी तसाच तुझ्या शेतावर आलो. शपथ घेतो, सांगायलाच आलो होतो. तू कापूस वेचत होतास. मला पाहून तिथूनच हाक मारलीस, "ये, ये, तुझंच नाव घेऊन राह्यलो व्हतो!" गावात दोघा भावांचं बांधावरून भांडण लागलं होतं, मारामारीवर आलं होतं, आणि तू त्यांना म्हणाला होतास की अंबादास मोजंल ते मान्य करा. "म्या सांगितलं त्यायला, ह्या माणसानं सोत्याच्या दोस्ताला पाचवा हिस्सा दिला न्हाई, तो तुमाला काय देईल?" असं म्हणून तू मोठ्यानं हसलास. मी तुझ्यासोबत गोणी भरू लागलो.

नंतर ते जमलंच नाही. दर दसऱ्याला तू आपट्याची पानं घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे यायचास, आणि पानं हातात देताना तेच बोलायचास. "तू तवा खोटं लिव्हलं असतंस ना अंबादासा, तर मी हैद्राबादेत तोंडावर पडलो असतो. तुझे उपकार हायेत." चौदा दसरे. मी पानं घ्यायचो, तुला घट्ट मिठी मारायचो, आणि माझी बायको म्हणायची की तुम्हा दोघांसारखी दोस्ती कुठं पाहिली नाही. मी स्वतःला सांगायचो की तुला सांगून आता काय मिळणार, नुसता जळशील. हे सगळं खोटं होतं. साऱ्या तालुक्यात मला खरं माप देणारा म्हणून मान होता तो तुझ्या त्या शर्यतीमुळं, आणि मला तो सोडवत नव्हता.

तुझा ताप मुदतीचा निघाला. सातव्या दिवशी दुपारी मी उशाशी बसलो होतो, जनावहिनी पाणी आणायला गेली होती. तू डोळे उघडलेस. अगदी शुद्धीत होतास.

"अंबादासा, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी हवा खरंच समोरून व्हती का रं?"

वीस वर्षांनी, किसना. वीस वर्षं तू "कमी पडलो म्हंजी पडलो" म्हणत होतास आणि मला वाटायचं की तुझं ते मिटलंय. तुझी नजर माझ्या तोंडावर होती. सांगायला तीन शब्द पुरले असते, मैदान लांब होतं. मी म्हणालो, "हो. समोरूनच होती. चांगली जोराची."

तू हुंकार दिलास आणि कूस बदललीस. त्या दिवशी हवा नव्हती. बाभळीचं पानसुद्धा हललं नव्हतं, आणि हे तुलाही आठवत असणार.

दहाव्याला दुधनेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. चार कावळे समोरच्या झाडावर बसून होते. तुझ्या भावानं पोराचं शिक्षण करीन म्हणून सांगितलं. वहिनीच्या भावानं बहिणीला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. कुणी म्हणालं, औताचं राहिलंय, कुणी म्हणालं, तुळजापूरचा नवस राहिलाय. ऊन डोक्यावर आलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. "अंबादासभाऊ, तुमी बोला, तुमचं त्यानं ऐकलं असतं." मी हात जोडून पुढं झालो. काय बोलायचं ते मला एकट्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, "किसना, मी आहे, काळजी करू नको." कावळे उडून गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही नदीत बुडी मारून घरी आलो.

काल संध्याकाळी मी वहिनीकडे गेलो. ती ओसरीवर ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं, वडिलांच्या वितीपासून हवेपर्यंत. मध्ये ती एकदाही थांबली नाही, खडे काढत राहिली. तिला यार्ड कळत नाहीत, सेकंद कळत नाहीत. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी तुमी त्येंना किती जास्ती पळवलं?"

"पावणेसात फूट, वहिनी."

"दावा."

मी उंबऱ्यापासून अंगणात नऊ विती मोजल्या आणि कोळशानं रेघ ओढली. तिनं सूप खाली ठेवलं, उठली, उंबऱ्यापासून रेघेपर्यंत चालत गेली. चार पावलं झाली. ती रेघेवर उभी राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

मग म्हणाली, "आमची शकू गेली ते साल आठवतं का, भाऊजी?"

मला न आठवायला काय झालं? तुझी धाकटी, सहा वर्षांची, आठ वर्षांपूर्वी पटकीत गेली. माझ्याच मांडीवर खेळलेली पोर.

"त्या दिशी हे डाक्टरला आणाया परतूरला पळत गेल्ते. लगीन झाल्यापासून त्येंना पळताना म्या तवाच पाह्यलं. डाक्टरला घेऊन आले तवर पोरगी गेल्ती. डाक्टर बिचारा म्हन्ला, मी तासभर आधी आलो असतो तरी काही व्हनार नव्हतं, लई उशीर झाल्ता आधीच. पर ह्येंनी ते मानलंच न्हाई. मला म्हन्ले, जना, माझ्या पायात पयल्यापासून एक हिस्सा कमी हाय, सरकारनं लिवून ठिवलंय. म्हनून पोरगी गेली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मरस्तवर तेच म्हनत व्हते."

मी रेघेकडे बघत होतो.

"तवा तुमाला ठाव व्हतं न्हवं, भाऊजी?"

"हो."

"तुमी तवा इथंच बसले व्हते. ह्याच ओसरीवर. त्येंच्या पाठीवरून हात फिरवत."

"हो वहिनी," मी म्हणालो.